करडासकट वजन

९ नोव्हेंबर

लिहायचं लिहायचं म्हणत आज बसलो. वही दिवाळीच्या आधी घेतली होती. ती घ्यायला नसरापूरला गेलो, तिथं टायरच्या दुकानात जुना दोस्त भेटला, त्याच्याकडं एका गाडीचं चाक निघत नव्हतं, ते काढण्यात दिवस गेला. वही मोटरसायकलच्या पेटीत पान्ह्यांच्या खाली राहिली. आज बाहेर काढली तर पानांना ग्रीसचा वास.

श्रावणी मॅडमनी सांगितलं होतं, आत्यानं काय खाल्लं, किती चालली, ते रोज लिहा. मॅडम पुण्याच्या दवाखान्यात पेशंटच्या आहाराचं बघतात. मूळच्या भोरच्या, त्यामुळं आपल्याशी नीट बोलतात. मी हो म्हणालो. मी कुणालाही हो म्हणतो, तोच सगळा घोळ आहे.

तर मी स्वरूप. गाव भोंगवली, मुक्काम सध्या मार्गासनी, फुलाआत्याकडं. शिक्षण अकरावी, ती पण अर्धी. आधी कापूरहोळला ढाब्यावर होतो, मग टेम्पोवर, मग गोव्यात एका हॉटेलात. आत्याच्या छातीतली गाठ काढली तेव्हा भेटायला म्हणून आलो आणि अडकलो. तिला मूलबाळ नाही. चिमाजी मामा, म्हणजे आत्याचे मालक, त्यांना आम्ही मामाच म्हणतो, ते दवाखान्याची पायरी चढले की मुके होतात. डॉक्टरनी नाव विचारलं तरी माझ्याकडं बघतात.

किमोचे दोन डोस झालेत. दुसऱ्या वेळी वजन उतरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून उतरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल, अंगात ताकद नसली तर औषध सोसत नाही. आणि डोस थांबत गेले तर मग काय, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तारीख सत्तावीसची आहे. तोवर वजन उतरू द्यायचं नाही. एवढं एकच काम. ढाब्यावर मी एका वेळी पन्नास माणसांना जेवायला घातलंय, एका आत्याला घालायचं अवघड काय आहे?

११ नोव्हेंबर

अवघड आहे.

मामांच्या हिशेबानं अंडं उष्ण, शेंगदाणा पित्ताचा, दही गार, डाळ वातूळ. मग उरतं काय तर मऊ भात आणि वरचं पाणी. ते पण मामा स्वतः चुलीवर करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मॅडमच्या कागदावर नेमकं उलटं आहे. अंडं नीट उकडून, मोडाची उसळ शिजवून, शेंगदाणा, दूध, डाळ. थोडं थोडं, दर दोन तासांनी. आणि रोज चालायचं. अंगातलं मांस झिजलं की माणूस आधी पायातनं जातो, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी कागद वाचून दाखवला. मामा म्हणाले, "पुन्यात ऱ्हानाऱ्याला काय, त्यांचं कागदावर चालतं. आजारी मानसानं पडून ऱ्हायचं आसतं. आमचा बा आसाच पडून हुता."

"मग काय झालं त्यांचं?" मी विचारलं.

मामा उठून गोठ्यात गेले. आत्या भिंतीकडं तोंड करून हसत होती, खांदे हलत होते.

मग मी उकडलेलं अंडं दिलं. तिनं एक घास खाल्ला आणि हातात धरून बसली. म्हणाली, "वाईट न्हाई रं. पर तोंडात खिळा धरल्यागत लागतंय. पानी पन लोखंडाचं लागतं." खिळा मी पण तोंडात धरलाय, सुतारकाम करत होतो तेव्हा. त्यामुळं चव मला कळली. उपाय कळला नाही.

१२ नोव्हेंबर

चालायचा घोळ वेगळाच आहे. मी म्हटलं, चल आत्या, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ. ती म्हणाली, कशाला? म्हटलं, नुसतं चालायला. तिला पटेना. "कुनी इचारलं कुठं चाललीस, तर काय सांगू? कुठं न्हाई? येडी म्हनतील मला."

मी विचार केला, खरंच इथं रिकाम्या हातानं कुणी बाई चालताना दिसत नाही. डोक्यावर काहीतरी असतं, काखेत काहीतरी असतं, नाही तर पुढं जनावर असतं. तोरण्याला येणारी पुण्याची माणसं उगाच चालतात, त्यांना लोक हसतात. (त्यातल्या दोघांची गाडी काल बंद पडली होती, प्लगमध्ये पाणी. काढून दिलं. ते म्हणाले हिमाचलला चल आमच्याबरोबर, आमचा एक कॅम्प आहे, माणूस पाहिजेच. नंबर घेतलाय. आत्याचं एकदा मार्गी लागलं की बघू.)

शेवटी चिंगी कामाला आली. चिंगी म्हणजे घरच्या शेळीचं करडू, पांढरं, कपाळावर काळा ठिपका. शेळीला दूध कमी आहे म्हणून आत्याच तिला वरचं पाजत असते. आत्यानं तिच्या गळ्यात दोरी बांधली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, कारण केस गेलेत, आणि आम्ही ओढ्यापर्यंत चारायला गेलो. म्हणजे चाललो.

वाटेत ठकुबाई भेटली. शेजारचीच आहे. मला म्हणाली, "येवड्या आजारात बी फुलाला शेरडं वळाया लावली व्हय? चिमाजीला काय लाज?"

संध्याकाळी ते मामांपर्यंत पोचलं. मामा जेवले नाहीत.

१५ नोव्हेंबर

आज काटा. मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, आठवड्यातून एकदा वजन करत जा, म्हणजे तारखेपर्यंत अंधारात राहायला नको. वजनकाटा गावात एकच, गेनबाच्या भाताच्या गिरणीत. आता झोडण्या उरकल्यात, गिरणीपुढं पोत्यांची रांग.

आत्या काट्यावर चढायला तयार नाही. नजर लागते म्हणाली. मी म्हटलं दवाखान्यात चढतेस की. तर म्हणाली, "तिथं कोन वळखतंय? हितं गावाम्होरं न्हाई. काट्यावर पोती चढत्यात, न्हाई तर सरनाची लाकडं. मानूस न्हाई चढत."

मग तिनंच रस्ता काढला. म्हणाली, चिंगीला तोलायची म्हणू, विकायला काढलीय म्हणू. माझ्याशिवाय ती कुणाकडं थांबत नाही, म्हणून मीच धरून उभी राहते. तोललं कुणाला? करडाला.

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. तिला चौकात बसवली पाहिजे, निवडणूक जिंकेल.

गेनबा पोत्यावर बसला होता. हा माणूस एरवी अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा बोलतो आणि गालात तंबाखू ठेवून बोलतो. आज तोंडाला रुमाल बांधून. म्हटलं, काय गेनबाभाऊ, कोंड्याची ॲलर्जी झाली का एवढ्या वर्षांनी? तर रुमालातनंच म्हणाला, "दाढ दुखतीया. काय पाव्हनं, शेरडाचं दुकान टाकलं का काय?"

आधी आत्या करडू धरून चढली. मग करडू एकटं ठेवलं, कारण ते वजा करावं लागणार. त्या एवढ्याशा वेळात चिंगीनं काट्यावर मुतून दिलं. गेनबानं झाडलेल्या तांदळाकडं ओघळ गेला. "फुलावैनी, पुना हे सुटं माझ्या काट्यावर दिसलं तर दोरीसकट गिरनीत घालीन," म्हणाला. "पुढच्या टायमाला हातातच धरा." लोक हसले. आत्या पण हसली.

हिशेब घरी येऊन केला. दवाखान्यात निघालं होतं तेवढंच वजन आहे, जरासुद्धा कमी नाही. दोन्ही काटे जुळले. करडाचं वजन मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, म्हणजे दर वेळी त्याला सुटं ठेवायला नको.

१८ नोव्हेंबर

आता जमायला लागलंय. मी शेंगदाण्याचे लाडू करतो, गुळाचे, बारीक. मटकीची उसळ. भाकरी दुधात कुस्करून. अंड्याला ती नाही म्हणते, तर अंडं सोडलं. मामा बघतात, बोलत नाहीत. आत्या ताट घेऊन मागच्या पडवीत जाते, आत चुलीच्या धुरानं मळमळतं म्हणून. थोड्या वेळानं ताट रिकामं. धुतल्यासारखं.

मॅडमना रोज ताटाचा फोटो पाठवायचा असतो. मी रिकाम्या ताटाचे पाठवले. त्यांचं उत्तर आलं, शाब्बास, पण भरलेलं असतानाचा पण पाठवा.

चिंगीला आत्याचा लळा लागलाय. ताटाचा आवाज आला की कुठनं पण पळत येते. अंगावर कशी तुकतुकी आलीय, हात फिरवावासा वाटतो.

गिरणीवरून येताना गेनबानं हाक मारून बसवलं. मॅडमबद्दल विचारत होता. त्या सगळ्यांनाच सांगतात का फक्त बायकांना? पैसे वेगळे घेतात का? घासच उतरत नसला तर काय सांगतात? मी म्हटलं, ते मिक्सरमधनं पातळ करून द्यायला सांगतात. त्यानं रुमाल वर ओढला. मग म्हणाला, "आन् पातळ बी टोचत आसंल तर?" मला कंटाळा आला. दाढ दुखतेय तर दातवाल्याकडं जावं. या माणसाला दुसऱ्याच्या घरातली चौकशी लागते. लाडू दिला तर खिशात ठेवला, खाल्ला नाही. पोराला नेला असेल.

२२ नोव्हेंबर

काटा. आत्या आणि चिंगी, हातातच. काटा मागच्या वेळी जिथं थांबला होता तिथंच थांबला, उलट एक केसभर पुढं. मी तिथंच आत्याला टाळी दिली. ती म्हणाली, "झालं का? उतरू? हात भरून आलं."

मला मधेच वाटलं की आत्याचं तोंड बारीक दिसतंय. बांगड्या पार कोपराकडं सरकतात. पण काटा खोटं कशाला बोलेल? डोळ्याचा भरवसा नाही, माझा डोळा मी टेम्पोवर असताना पण दोनदा चुकलाय.

चालणं ओढ्याच्या पुढं जात नाही. चिंगीच ओढते तिला, दोरी ताणून. आज परत येताना आत्या दोनदा दगडावर बसली. मी म्हटलं दमलीस? म्हणाली, हिला पाला खायचाय. चिंगी पाला हुंगत पण नव्हती.

गिरणीत गेनबाचा शर्ट कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, खिळ्यानं पाडल्यासारखं वेडंवाकडं. म्हटलं, बारीक होताय की, डाएट का? मान हलवली.

२५ नोव्हेंबर

हिमाचलवाल्याचा फोन. एक तारखेला निघायचं म्हणतो. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर आठवलं की सत्तावीसला आत्याचा डोस, त्यानंतरचे चार दिवस ती उठत नाही. परत फोन करायला हवा. उद्या करतो.

गिरणी बंद. गेनबा गावाला गेलाय म्हणे. ऐन भरडायच्या हंगामात गिरणीवाला गावाला जातो, काय म्हणावं? लोक पोती घेऊन नसरापूरला चाललेत, शिव्या देत.

२७ नोव्हेंबर

काय लिहू, कळत नाही. लिहितो तसंच.

दवाखान्यात काट्यावर वजन उतरलेलं. थोडंथोडकं नाही. नर्सनं दोनदा बघितलं. मी म्हणालो तुमचा काटा बिघडलाय, आमच्या काट्यावर तेवढंच आहे, शनिवारीच केलंय. आवाज जरा चढला माझा. त्यांनी श्रावणी मॅडमना बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, वजन कसं करता ते सांगा. मी सगळं सांगितलं. नजर, गाव, काटा, चिंगी, वजाबाकी. सांगताना मला वाटत होतं की त्या कौतुक करतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"करडाचं वजन परत कधी केलंत?"

"परत कशाला?" मी म्हणालो. "एकदा केलं की. पुठ्ठ्यावर लिहिलंय."

मग चिमाजी मामा बोलले. दवाखान्यात पहिल्यांदा. म्हणाले, "करडू वाढतं की रं."

मी भोंगवलीचा. शेळ्यांमध्ये वाढलो. करडू वाढतं हे मला सांगावं लागावं?

मामा थांबले नाहीत. आत्याकडं न बघता म्हणाले, "आन् येवडं वाढतंय, त्याला घालतंय कोन?"

आत्या पायाच्या बोटांकडं बघत होती. तशीच म्हणाली, "हा येवडं मन लावून करतुया. ताट तसंच म्हागारी द्यायला जीव व्हईना. एक घास जायचा, दुसरा खिळा व्हायचा. चिंगी म्होरं हुती."

म्हणजे मी पंधरा दिवस जे राबलो ते करडात गेलं. मला हसावं का रडावं कळेना, आणि तेवढ्यात मॅडमना हसू आलं, त्यांनी तोंडावर हात धरला, मग आत्याला आलं, आणि आम्ही सगळेच त्या बारक्या खोलीत हसत होतो, मामा सोडून. हसून झाल्यावर डोस थांबलेलाच होता. वजन पण कमी, पांढऱ्या पेशी पण कमी. पुढच्या गुरुवारी परत बघू म्हणाले. आत्यानं विचारलं, "म्हंजी न्हाई देनार आसं बी व्हईल?" डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरायचं थांबू दे. ते हो पण नव्हतं, नाही पण नव्हतं.

मॅडमनी मग आत्याला एक विचारलं, जे आम्ही दोघांनी एवढ्या दिवसांत विचारलंच नव्हतं. तुम्हाला काय खावंसं वाटतं?

आत्या लगेच म्हणाली, जसं काही तोंडातच होतं. "गार. आंबट. आन् वाटीभरच. आन् ह्या दोघांनी तोंडाकडं बघत बसायचं न्हाई."

मॅडमनी तेच लिहून दिलं. नाचणीची आंबील गार करून, उकळलेल्या दुधाचं घरचं दही, त्यात शेंगदाण्याचं कूट. स्टीलचा चमचा बंद, प्लॅस्टिकचा किंवा लाकडी घ्यायचा, खिळा कमी लागतो. अंडं कुस्करून, लिंबू पिळून, गार. आणि करडाला उचलून घ्यायचं बंद, पेशी कमी असताना जनावराचं तोंडाला लागायला नको, हात साबणानं धुवायचे. ताप आला तर रात्र बघायची नाही, लगेच फोन.

चालणं चालूच ठेवायचं, पण दमायच्या आधी थांबायचं. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. मामांनी विचारलं, "ते कशापायी?" मॅडम म्हणाल्या, "शेवटपर्यंत स्वतःच्या पायानं उठता यावं म्हणून, काका."

परत येताना गाडीत मामा काचेबाहेर बघत होते. चेलाडी फाट्याला म्हणाले, "आमच्या बाला उठता येत न्हवतं." एवढंच.

२९ नोव्हेंबर

चिंगी शेजारी, ठकुबाईच्या शेळ्यांत बांधलीय. दिवसभर ओरडते. आत्या ऐकते आणि आंबील पिते.

मामांनी अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एकीवर आत्या, एकीवर स्वतः. मला वाटलं गप्पा मारायला. तर मामा म्हणाले, "व्हय, आता ऊठ." ती उठायच्या आधी स्वतः उठून दाखवलं, हात न टेकता. गुडघा असा वाजला की ठकुबाईनं कुंपणावरून बघितलं.

"काय वं चिमाजीभावजी, ह्या वयात कवायत?"

"बायकूला किमो हाय," मामा म्हणाले. "दोघांनी करायची आसती."

असं कुठंही लिहिलेलं नाही. मी कागद परत वाचला.

१ डिसेंबर

आज हिमाचलला निघायचं होतं. फोन करायचा राहिला होता, त्यांचाच आला, कुठं आहेस? म्हटलं, आंबील ढवळतोय. ते काय ते समजले नाहीत. मला पण नीट सांगता आलं नाही. जायचं नाही असं ठरवलं नाही मी, नुसता गेलो नाही.

करडू नसल्यामुळं चालायला निमित्त नव्हतं. आत्यानं दुधाची रिकामी किटली घेतली. मामा पुढं, आत्या मागं, दोघांच्या मधे नेहमीसारखं एक शेत राहील एवढं अंतर. मामांना हळू चालता येत नाही. मग मी बघितलं, ते मधे मधे थांबून चप्पल झटकायचे. खडा शिरला म्हणून. एवढे खडे त्या रस्त्याला नाहीत. ओढ्यापर्यंत पोचलो तोवर अंतर बैलगाडीएवढं उरलं होतं.

३ डिसेंबर

गिरणी चालू झाली. उद्या गुरुवार. मी म्हटलं, आत्या, आज एकदा बघून घेऊ का? उद्या तिथं जाऊन नाही ऐकण्यापेक्षा. पण करडू धरायचं नाही, मग काय धरणार? किटली?

आत्या उठली. पदर नीट केला. किटली ओट्यावरच ठेवली आणि चालायला लागली, रिकाम्या हातानं. मामा तिच्या मागं, मी त्यांच्या मागं. उलटी वरात.

गिरणीपुढं सात-आठ माणसं, ठकुबाई पण, कण्या न्यायला आलेली. आत्या थेट काट्यापाशी गेली. चप्पल काढली. देवळात काढतात तशी. आणि चढली.

ठकुबाई म्हणाली, "फुले, अगं येडी का काय, मानसानं..."

"मला कॅन्सर हाय ठकुबाई," आत्या म्हणाली. "ठावं हाय न्हवं सगळ्यांना? मग त्याच्याउप्पर कुनाची नजर लागायची र्‍हायलीया?"

गिरणीचा पट्टा फिरतच होता. गेनबा पुढं आला. रुमाल आज डोळ्यांच्या खालपर्यंत, नाक पण झाकलेलं. त्यानं काट्यावरचा कोंडा हातानं पुसला, आत्याच्या पायाभोवतीचा. मग वाकून काटा बघितला, बराच वेळ, आणि मला बोटांनी दाखवलं. तोंडानं बोलला नाही. मी म्हटलं, दाढ अजून बरी नाही का? त्यानं ऐकलं नाही, आत्याकडंच बघत होता.

वजन गेल्या गुरुवारइतकंच. उतरलेलं नाही. वाढलं पण नाही फारसं, पण मॅडम म्हणाल्या होत्या उतरायचं थांबलं तर बास. डोस मिळेल का? वजनाचं जमलं, पेशींचं काय ते रक्त काढल्यावर. मला आनंद झालाय की नाही तेच कळत नाही.

आत्या खाली उतरली तेव्हा मामांनी तिची चप्पल पायानं सरकवून तिच्यापुढं केली. कुणाला दिसलं नसेल.

४ डिसेंबर, सकाळ

गाडी यायला वेळ आहे म्हणून लिहितोय. आत्यानं दह्यातलं कूट खाल्लं, वाटी मी बघितली, चिंगी घरात नाही, म्हणजे आत्यानंच खाल्लं. पिशवी भरली. चमचा घेतला. आत्या म्हणते, गाडी येईपर्यंत बांधापर्यंत जाऊन येऊ, तिथं गेल्यावर दिवसभर बसूनच राहायचंय. मामा चप्पल घालून तयार.

दार वाजलं. मला वाटलं ड्रायव्हर.

गेनबा आहे. गिरणीची किल्ली कमरेला, पायात बूट, आणि तोंडावर रुमाल नाही. गाल आत गेलेला. नाकातनं एक बारीक नळी येते, पांढऱ्या पट्टीनं गालाला चिकटवलेली. तसल्या नळ्या मी दवाखान्यात बघितल्यात, ज्यांना घास गिळता येत नाही त्यांना घालतात.

मी दार धरून उभाच राहिलो. मग आत्याला हाक मारली आणि आत येऊन वही उघडली.

बाहेर आत्याचा आवाज येतोय. "या भावजी. रिकाम्या हातानंच या. आमी चालायलाच निघालूय."